विमानातल्या खुर्च्यांचा आकडा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर एवढा उशीर का, असं एकदाच विचारलं असतंत आणि उत्तराची वाटही पाहिली नसती.

त्या वर्षी मी दिल्लीत स्टेनो होते आणि समुद्रापलीकडच्या एका देशाशी विमानवाहतुकीच्या कराराची बोलणी चालली होती. पहिली फेरी आटोपून चार दिवसांच्या रजेवर मी सुरतेला, लिंबायतच्या आपल्या घरी आले होते. आई ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापते आहे, तुम्ही यंत्रमागावरची पहिली पाळी करून आलेले, भुवयांवर सुताचा भुगा तसाच. मी पाटावर बसून सांगते आहे की, त्यांच्या विमानांनी आपल्याकडून आठवड्याला किती खुर्च्या भरून न्यायच्या ते आम्ही ठरवणार. ते ढीगभर मागतात, आम्ही थोड्या देतो, आणि प्रत्येक वाढीव खुर्चीमागे आपल्या विमानांसाठी त्यांची आणखी शहरं मागतो. सरकारनं आम्हाला शेवटचा आकडा बांधून दिला होता. त्याच्यापुढे जायचं नाही, आणि तो कळूही द्यायचा नाही. तुम्ही काही विचारलं नव्हतंत. फुशारकी माझी. मी तो आकडा सांगून टाकला. तुम्ही उठून आधी दार लोटलंत.

"असला आकडा पोटमा ठेवाना ऱ्हास, माय," एवढंच म्हणालात.

हे तुमच्याशिवाय कोण जाणणार? दर दिवाळीआधी मागांच्या खात्यातले सगळे कारागीर विणलेल्या मीटरमागचा दर वाढवून घ्यायला तुम्हालाच शेठकडे पुढे घालायचे. कुठवर खाली यायचं ते तुम्ही आईलासुद्धा सांगत नसायचात. शेठकडचा चहा घेत नसायचात. चहा घेतला की माणसाला लवकर उठावंसं वाटतं, म्हणायचात. एका वर्षी तीन दिवस नुसते जाऊन बसून आलात. आई चिडून म्हणायची, "आते तरी सांगा!" आणि तुम्ही पानाला चुना लावत राहायचात.

दुसरी फेरी सुरू झाली. आमच्या साहेबांनी दोन दिवसांची तयारी करून ठेवली होती. हळूहळू चढायचं आणि एकेक शहर पदरात पाडून घ्यायचं. समोरच्या प्रमुखांनी पहिल्याच वाक्यात तो आकडा सांगितला. अगदी तोच, एक खुर्ची इकडे नाही की तिकडे नाही. माझी पेन्सिल थांबली. साहेबांनी मान वळवून आम्हा चौघांकडे एकेक करून पाहिलं. दोन दिवस त्यांच्याकडचं कुणी त्या आकड्यावरून हललं नाही. शेवटी त्याच आकड्यावर सह्या झाल्या, आपल्या वाट्याला एकही शहर आलं नाही. मग चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत मला घरी बसायला सांगितलं. त्या नोकरीवर धाकट्या भावाचं कॉलेज चालू होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मी थेट सुरत गाठली. गाडीत रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता: त्याच देशात कामगार पाठवणारा तो एजंट, जो खात्याबाहेरच्या चहाच्या हातगाडीवर, लारीवर, तुमच्या शेजारी बसायचा. घरी न जाता, स्टेशनवर घ्यायला आलेल्या धाकट्याला बरोबर घेऊन मी लारीवरच आले. पाळी बदलायची वेळ, पंधरावीस माणसं. "तुम्हाला अक्कल आहे का? कोणाजवळ बोललात?" मी शुद्ध मराठीत विचारलं, आबा. आपल्या घरात जी भाषा कधी कोणी बोलत नव्हतं, तिच्यात.

तुमच्या हातातली बशी हलली नाही. "मी कोनलेच सांगं नही, माय."

"मग काय त्यांना स्वप्न पडलं?"

तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, अधिक हळू. मला ते हळू बोलणं म्हणजे कबुलीच वाटली. माणसं खाली बघायला लागली. पुढच्या दिवाळीला शेठकडे बोलायला कारागिरांनी दुसऱ्याला पाठवलं. ज्याच्या पोटात पोरीची गोष्ट राहत नाही, त्याच्या पोटात आपला दर काय राहणार, असं कुणीतरी म्हणाल्याचं आईनं सांगितलं. चौकशीत काही निघालं नाही, मी कामावर परत गेले. सुट्टीला आले की तुम्ही विचारायचात, "जेवनी का?" आणि माझ्या कामाचा विषय निघाला की बाहेर जाऊन बसायचात.

तीन वर्षांनी तोच करार पुन्हा चर्चेला आला आणि जुनी फाइल माझ्या टेबलावर आली. पहिल्या फेरीच्या शेवटच्या दिवशी त्यांना मार्गांच्या यादीची एक जादा प्रत हवी होती. कोरे कागद संपलेले. मी खणातले पाठकोरे कागद मशीनला लावले होते. टाइपाची चूक झालेल्या प्रती टाकून द्यायला माझा हात धजत नसे. एक प्रत त्यांना दिली, एक फाइलला लावली. ती मी उलटी करून पाहिली. मागे आमच्याच गुप्त टिपणाचं चुकलेलं पान, वर एक काट, आणि काटेखाली तो आकडा स्वच्छ वाचता येणारा. त्यांना दिलेली प्रतही त्याच गठ्ठ्यातली, त्याच चुकलेल्या पानाच्या पाठीवर टाइप केलेली. मी फाइल बांधून ठेवली आणि पाणी प्यायले.

तेव्हा तुम्ही होतात, आबा. त्यानंतर दीड वर्ष होतात. मी दोन दिवाळ्यांना घरी आले, तुमच्या शेजारी बसून जेवले, आणि बोलले नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरं कारण वेगळं. तुम्ही "जाऊ दे, माय" म्हणाला असतात, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

धाकटा अजूनही कधी चहा पिताना म्हणतो, आबा मनाचे फार चांगले, फक्त त्यांच्या तोंडात काही राहत नसे. त्याला दाखवावं म्हणूनच हे लिहायला घेतलं होतं. दाखवणार नाही, हे मला निम्मं लिहून झालं तेव्हाच कळलं होतं.