तीनशे बारा हरकती आणि माझी प्रस्तावना

४ मार्च, मंगळवार. सकाळी ७.
नगरपालिका बाग विकणार! पेपरात सहाव्या पानावर, हरवलेल्या छत्रीच्या शेजारी, बोटभर जाहिरात. काचघर, पूर्वेची हिरवळ आणि माळ्याचं घर विकण्याचं योजिलं आहे म्हणे. हरकती लेखी द्या, २१ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत.
एकशे अठरा वर्षांची बाग. दानपत्रात स्वच्छ लिहिलंय, ‘लोकांना बसण्यासाठी, कायमची’. नगराध्यक्षांच्या लेखी कायमची म्हणजे गिऱ्हाईक मिळेपर्यंत. चोर निदान लाजून लपतो. हे जाहिरात देऊन येतात.
बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वक्तृत्वाच्या अकरा ढाली भिंतीवर आहेत. संकल्प: २७ तारखेच्या सभेत असं बोलायचं की नगरसेवकांनी स्वतःच्या हाताने ठराव फाडावा.

५ मार्च
बागेत गेलो. माळी काचघराच्या काचा पुसत होता. म्हटलं, विकायला काढलेल्या काचा कशाला पुसतोस? म्हणाला, सर, धूळ बसली की रोपांना ऊन मिळत नाही. या लोकांना राजकीय भान म्हणून नाही.
सव्वीस वर्षं तो, बायको आणि आंधळी आई तिथल्या दोन खोल्यांत राहतात. आई काचघराच्या भिंतीला हात लावत लावत एकटी नळापर्यंत जाते. नव्या जागेत या वयात ते शिकणार कशी, हीच त्याची काळजी. त्याने स्वतः लिहिलेली हरकत दाखवली. आठ ओळी. आई, भिंत, नळ. दानपत्राचा साधा उल्लेख नाही! तपासून देतो म्हणून ठेवून घेतली.

९ मार्च
लोक पेटलेत. आमची ही आणि खालच्या मजल्यावरची नर्स चार दिवस घरोघर फिरल्या. तीनशे अकरा हरकती, सह्यांनिशी. माळ्याची धरून तीनशे बारा. माझं भाषण अजून व्हायचंय, तरी हा परिणाम!
उद्याच देऊन येते, ही म्हणाली. मी म्हटलं, थांब. असे सुटे कागद म्हणजे नुसती रद्दी. गठ्ठ्यावर एक प्रस्तावना हवी, जी वाचून खुर्चीतला माणूस खुर्चीत राहणार नाही. ही म्हणाली, अहो, तिथे प्रस्तावना कोण वाचतंय? नर्स म्हणाली, सर, छोटीच लिहा हं.
गठ्ठा कपाटात. किल्ली माझ्या खिशात.

१२ मार्च
ग्रीसमधला एक वक्ता तोंडात खडे धरून सराव करायचा. बागेतून चार आणले. तीन परत मिळाले.
डॉक्टर म्हणाले, काही होत नाही, जाईल. हसण्यासारखं त्यात काय होतं?

१४ मार्च
मेहुणा आला. नगरपालिकेत आवक खिडकीवर बसतो; आयुष्यभर शिक्का मारण्यापलीकडे काही केलं नाही. म्हणाला, दाजी, अजून एकही हरकत आली नाही. सगळे म्हणतात, सरांकडे दिल्यात. नुसता गठ्ठा आणा, मी शिक्का मारून पोच देतो. पोच असली की सुनावणी घ्यावीच लागते, विक्री तिथेच अडते.
बघा! बाग वाचवायची ती शिक्क्याने! मी त्याला पारतंत्र्य आणि कारकुनी यांचा संबंध समजावला. पाऊण तास. चहा अर्धा टाकून गेला. ही म्हणाली, माझ्या भावाला घालवलंत. मी म्हटलं, सत्य पचत नाही.

१८ मार्च
प्रस्तावना पान अकरा. अजून रोममध्येच आहे.
माळ्याची हरकत लाल शाईने सुधारली. ‘आई’च्या जागी ‘वयोवृद्ध मातोश्री’. नळ काढून टाकला. मुद्दा क्षुद्र वाटतो.

२१ मार्च, शुक्रवार
सकाळी ९. ही लायब्ररीत कामाला निघताना म्हणाली, आज शेवटचा दिवस, किल्ली द्या, मीच जाता जाता देते. म्हटलं, माझ्यावर सोड.
दुपारी १२. पान सोळा. दानपत्रापर्यंत आलो.
२.३०. पान एकोणीस. स्वतःचंच लिखाण वाचून डोळ्यांत पाणी आलं.
४.२०. शेवटचं वाक्य सापडत नाही. शेवटच्या वाक्याशिवाय गेलो तर नगरपालिकेतले मला हसतील.
४.५५. सापडलं!
५.२५. खिडकी बंद. मेहुण्याने दहा मिनिटं जास्त उघडी ठेवली होती म्हणे. सात फोन केले म्हणे. लिहिताना मी फोन बंद ठेवतो, हे याला माहीत नसावं?
६.३०. हिने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. प्रस्तावना झालीच आहे. खोटं बोललो नाही.

२४ मार्च
विचारांती असं वाटतं की जे झालं ते उत्तम झालं. हरकती खिडकीत दिल्या असत्या तर फायलीत मेल्या असत्या. आता थेट सभागृहात पेटतील. खरा सेनापती राखीव फौज शेवटी काढतो.
मेहुणा जिन्यात भेटला. बहिणीला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, मी तोंड उघडणार नाही, म्हणाला. त्याच्याकडून तशी अपेक्षाही नव्हती.

२७ मार्च. सर्वसाधारण सभा.
गॅलरी भरलेली. ही, नर्स, माळी. मेहुणा मागे उभा, नजर छताकडे.
सचिवांनी वाचलं: मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नाही.
मी उठलो. असा आवाज मला आयुष्यात लागला नव्हता. म्हटलं, तीनशे बारा! तीनशे बारा नागरिकांचा आवाज कुठे पुरलात? कोणत्या दलालाच्या खिशात? गॅलरीने टाळ्या वाजवल्या. नर्स उभी राहिली. नगरसेवक एकमेकांकडे बघायला लागले. मग मी पिशवीतून गठ्ठा काढला आणि डोक्यावर धरला. म्हटलं, हे घ्या पुरावे!
नगराध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, सर, मग त्या तर तुमच्याच हातात आहेत.
मी म्हटलं, या प्रती आहेत. सचिव जवळ आले. अस्सल शाईच्या सह्या दिसतायत, म्हणाले, आणि पोच? टाळ्या एकेक करून थांबल्या. हिने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग जमिनीकडे.
ठराव चार मिनिटांत मंजूर. विरोधकांनीही हात वर केले, नालायक. बाहेर पडताना नगराध्यक्ष म्हणाले, आवाज अजून तसाच आहे सर, मी सातवीला तुमच्याच वर्गात होतो.
पायरीवरच्या सगळ्यांना मी सांगितलं की नैतिक विजय आपलाच आहे. ऐकायला कोणी थांबलं नव्हतं.

३० मार्च
ही बोलत नाही. नर्स जिन्यात पाठ करून उभी राहते. समाजाला नेहमी कोणीतरी दोषी लागतो. मुदत पाचची ठेवणं हीच मुळात हुकूमशाही आहे. यावर लेख लिहायचा. संकल्प: छोटा.

९ एप्रिल
माळ्याला नोटीस. पंधरापर्यंत घर रिकामं करा. माझा कागद द्या सर, म्हणाला. दिला. त्याने लाल शाई शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, अक्षर छान आहे.
नव्या जागेसाठी अर्ज त्याने हिच्याकडून लिहून घेतला. तळमजला द्यावा, नळ दाराजवळ असावा. सहा ओळी. मी विचारलं, वर चार शब्द घालू का? दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं. मेहुण्याने दुपारीच शिक्का मारून पोच दिली.

१५ एप्रिल. सकाळी ८.
शेवटचं बघावं म्हणून बागेत गेलो. निषेधाची दोन वाक्यं तयार होती. काचघराभोवती पत्रे ठोकलेले. माळी आणि त्याची बायको टेम्पोत सामान चढवत होते. आई एकटीच बाहेर, हातात रिकामा तांब्या, पत्र्यावर हात फिरवत भिंत शोधत होती. चाहूल लागली तशी विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, मी, सर. ती म्हणाली, भाषणवाले का? बरं झालं आलात. जरा नळापर्यंत सोडता का, भिंत कुठे गेली कळत नाही.
मी तिचा हात धरला. नळ कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.