चिंचेने घासलेलं नाणं

आई, परवा तुझी नात माझी रोमन नाण्यांची पेटी उघडून बसली होती. सगळी नाणी काळपट हिरवी, एकच पिवळंधमक. "बाबा, व्हाय इज धिस वन सो शायनी?" मी म्हणालो, "आजीने घासलं होतं." तिने ते जागेवर ठेवलं आणि फोन हातात घेतला. विषय संपला.

तू इकडे अमेरिकेत, हर्नडनला आलीस ती एकदाच, सहा महिन्यांसाठी. दिवाळी तोंडावर आली होती. ओट्यावर देवाची भांडी, वाडग्यात भिजवलेली चिंच, शेजारी मीठ. ताम्हनाचाही आरसा करून सोडणारी तू. मी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन, कानांत हेडफोन. मीटिंग संपवून उठतो तर फडक्यावर माझं नाणं वाळतंय. त्याच्या एका बाजूला सम्राट होता, डोक्यावर किरणांचा मुकुट, नाक ताठ. दुसऱ्या बाजूला हातात धान्याची कणसं घेतलेली बाई. इतक्या जुन्या कांशावरचा हिरवा थर म्हणजे मळ नव्हे, चेहरा त्या थरातच टिकून असतो. थर गेला आणि सम्राटाचं नाक, डोळे काहीच उरलं नाही. बाई तेवढी पुसट दिसत होती. "अरे, ही अन्नपूर्णाच की," तू म्हणालीस, "तिला असं कळकट ठेवायचं का?" माझ्या जिभेला हाड नव्हतं. "कळत नाही तर हात कशाला लावतेस? दोन हजार वर्षं टिकलेलं, तू दहा मिनिटांत संपवलंस."

चिंचेचा चोथा गोळा केलास, सिंक धुतलंस. पुढे साधं गाळणं घ्यायचं तरी दोन-दोनदा विचारायचीस. परत गेलीस आणि वर्षाच्या आत वारलीस. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला रडू आलं नाही. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही येत नाही, आत काही हलतच नाही.

हे पाठवणार कुठे? घडी करून पेटीत, त्याच नाण्याखाली ठेवतो. एक मात्र लिहून टाकतो. घासण्याआधी तू ते नाणं घेऊन माझ्या टेबलाशी आली होतीस. "हेही घासू का रे?" मीटिंग चालू होती. तुझ्याकडे न बघता मी मान हलवली होती, हो म्हणून. ओरडताना मला ते आठवत होतं. तुलाही आठवत असणार. तू तेव्हा बोलली नाहीस. मी परवा लेकीपाशीही हे बोललो नाही.