दुसऱ्या हिरव्याची बाही

प्रिय ताई,

तुझा निरोप मी दोनदा ऐकला. माझा शाळेतला तो हिरवा स्वेटर, 'तो गं, वेड्या बाहीचा', तुझ्या प्रदर्शनासाठी ताबडतोब हवा आहे. दालनाच्या दाराशी काचेच्या पेटीत तो ठेवायचा, खाली 'प्रेरणास्रोत' अशी पाटी लावायची आणि उद्घाटनाच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर आईला बसवायचे, अशी तुझी योजना आहे. फोनवर मला बोलता येत नाही हे तू जाणतेसच. समोरच्या माणसाने श्वास घ्यायला थांबावे आणि तेवढ्यात आपण आपले वाक्य उरकावे, एवढीच माझी वक्तृत्वकला. आणि तू तर श्वास घ्यायलाही थांबत नाहीस. म्हणून लिहिते आहे. तुला हवे असलेले उत्तर शेवटी दिले आहे, परंतु पाने उलटून थेट तिथे जाऊ नकोस. मला 'पुस्तकांना लागलेली वाळवी' म्हणून चिडवायचे आणि गोष्टींच्या पुस्तकांचा शेवट आधी वाचून मला सांगून टाकायचा, ही तुझी खोड मी अजून विसरलेले नाही.

त्या मासिकातली तुझी मुलाखत वाचली. 'आमच्या खिडकीतून दिसणारी छपरं, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. माझ्या विणकामातले दोन हिरवे रंग तिथून आले,' असे तू त्यात म्हटले आहेस. मी वाचन सोडून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. आपल्या खिडकीतून इस्त्रीवाल्या काकांच्या दुकानाची मागची भिंत दिसते आणि त्या भिंतीवरून खाली उतरणारा एक पाइप दिसतो. छपरे दिसण्यासाठी ती भिंत पाडावी लागेल. काकांनीही ते मासिक वाचले. कपडे घ्यायला गेले तेव्हा त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली आणि अगदी गंभीरपणे मला विचारले, "ताईसाहेबांना छपरं दिसत होती म्हणतात, मग तेव्हा माझं दुकान कुठं गेलं होतं हो?" मी खाली मान घातली. माझ्या बहिणीच्या वतीने खाली मान घालण्याचा मला दांडगा सराव आहे.

प्रेरणा! गेल्या वर्षी तू आग्रहाने मला तुझ्या त्या वर्गात बसवलेस, 'विणकामासाठी प्रेरणा कशी शोधावी' या नावाच्या. चांगल्या घरच्या, चांगल्या वयाच्या बायका हातात वही घेऊन अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. एक फाटकाच्या गंजाकडे पाहत होती, दुसरी गटाराच्या झाकणाकडे, आणि तिसरी सुकलेल्या पानाकडे पाहून डोळे पुसत होती. तू मागे हात बांधून त्यांच्यामधून फिरत होतीस, परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक फिरतात तशी. माझ्या शेजारी एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. त्यांनी तुला भीत भीत विचारले की नातवासाठी टोपी करायची आहे, तर सरळ डोके मोजून केली तर चालणार नाही का? त्यावर तू डोळे मिटून म्हणालीस, "आधी लोकरीला विचारा, तिला काय व्हायचंय." बाईंनी खरोखरच लोकरीचा गुंडा कानाशी धरला. थोड्या वेळाने माझ्याकडे झुकून त्या कुजबुजल्या, "टोपीच म्हणतेय." त्या दिवशी तुझ्या अंगणात शहाणे माणूस एकच होते, आणि त्या बाई पुढच्या वर्गाला आल्या नाहीत असे नंतर कळले.

नमुने शोधणे म्हणजे काय, हे ज्या घरात तू पाहिलेस ते घर तुला आठवते का? आईला प्रेरणा हा शब्द ऐकू आला असता तर तो कुणा पाहुणीचे नाव आहे असे समजून तिने चहाचे आधण ठेवले असते. बाहेरच्या खोलीत तिचे मशीन खर्र-खट चालायचे आणि शाळेचे स्वेटर एकामागून एक पडायचे, सगळे हिरवे, सगळे एकसारखे. स्वतःच्या आवडीचे ती सुयांवर विणायची, आणि त्यासाठी लागणारा नमुना रस्त्यावर पकडायची. बसच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या पाठीवर तिची नजर खिळली की अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागे: दोन सुलट, एक उलट, मग गाठ. एकदा अशाच एका पाठीमागून ती आपला थांबा सोडून पुढे गेली, आणि आपण दोघी तिच्या पदराला धरून फरफटत होतो. शेवटी ती बाई वळून खेकसली, "काय हो, काय चाललंय मघापासून?" आई जराही न ओशाळता म्हणाली, "तुमच्या स्वेटरवरच्या वेणीच्या बाजूला उलट टाके दोन आहेत की तीन, तेवढं कळेना." बाईचा राग कुठल्या कुठे पळाला. ती भर रस्त्यात पाठ करून उभी राहिली आणि आईने बोट ठेवून टाके मोजले. घरी आल्यावर पायातल्या चपलाही न काढता आईने पाच बोटे रुंदीचा तुकडा विणला, का तर विसरायला नको. हा प्रसंग तू कुठल्याच मुलाखतीत सांगितलेला नाहीस. दुसऱ्याच्या पाठीवरून टाके उचलणे तुला बहुधा हलके वाटत असावे. छपरावरून उचलले की ती कला.

आता त्या बाहीविषयी. तुझी स्मरणशक्ती सोयीची आहे, म्हणून सांगते. मी सातवीत होते. शाळेचे सगळे स्वेटर देऊन झाल्यावर उरलेल्या लोकरीत माझा व्हायचा, हा घरचा नियमच होता. त्या वर्षी पाठ, पोट आणि उजवी बाही झाली आणि लोकर संपली. दुकानात गेल्यावर कळले की त्या लॉटची, म्हणजे त्याच वेळी एकत्र रंगवलेली, लोकर उरलेली नाही. नवा लॉटही हिरवाच होता, दुकानदारही छातीठोकपणे तेच म्हणाला. दिव्याखाली तो तसाच दिसलाही. आईने डावी बाही त्यात सुरू केली. कोपरापाशी तोही कमी पडला, तेव्हा तिसऱ्याच एका लॉटची लड जोडली. सकाळी उन्हात गेल्यावर उजेड पडला: अंग गर्द हिरवे, डाव्या बाहीचा वरचा भाग निळसर, खालचा शेवाळी. त्याच दिवशी बक्षीस समारंभ होता आणि पहिली आले म्हणून मला व्यासपीठावर जायचे होते. मी चढले तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, "पोपट आला, पोपट!" सभागृह हसले. पुस्तकाचे बक्षीस मी डाव्या दंडाशी घट्ट धरून उतरले, तेवढीच बाही झाकली जावी म्हणून. आणि तू? तू दहावीच्या रांगेत बसली होतीस. तुझ्या मैत्रिणीने तुला विचारले, "तुझीच बहीण ना गं ती?" तू म्हणालीस, "छे, आमच्या शेजारची." मी जवळूनच जात होते, ताई. माझे कान लहानपणापासून तिखट आहेत. बोलत नाही त्याला ऐकावेच लागते.

आता शेजारणीची ती बाही तुझी ओळख झाली आहे. 'विसंगत बाही' असे तिचे बारसे झाले आहे आणि श्रीमंत बायका ती घालून मिरवतात. तुझ्या कारखान्यातले मोठे मशीन मी पाहिले. संगणकाला सांगून ठेवले की बरोबर कोपरापाशी ते रंग बदलते, दर बाहीला, न चुकता. आईची अडचण तुझे यंत्र अचूक विणते. त्याच्यासमोर उभी राहून तू पाहुण्यांना सांगत होतीस की अपूर्णतेत एक उत्कट सौंदर्य असते. असेल. सातवीतल्या मुलीच्या अंगावर ते कुणाला दिसले नाही, आणि सगळ्यांत आधी तुला दिसले नाही. एवढी चीड होती तर तो स्वेटर मी टाकून का दिला नाही, शब्दकोशांच्या मागे घडी घालून का ठेवला, असे तू विचारशील. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहिलेच पाहिजे असा नियम परीक्षेतही नसतो.

तुझा निरोप मी आईला ऐकवला. तिने फक्त काचेची पेटी केवढी असते, असे विचारले. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून परतले तर घरभर रंगाचा वास सुटला होता. न्हाणीघरातल्या दांडीवर ओल्या लडी टांगलेल्या होत्या आणि वळ्या सरळ व्हाव्यात म्हणून प्रत्येकीच्या टोकाला पाण्याने भरलेली बाटली बांधली होती. सगळ्या लडी एकाच रंगाच्या, काळपट हिरव्या. मला समजायला वेळ लागला. मी माझ्या खोलीत गेले, शब्दकोश बाजूला केले. मागे जागा रिकामी होती.

होय ताई. तिने तो उसवला. सगळा. गळ्याच्या पट्टीपासून सुरुवात केली, तिन्ही हिरवे वेगळे काढले, मोठ्या पातेल्यात एकत्र रंगवले, धुतले आणि वाळत घातले. माझ्या चेहऱ्याकडे न पाहताच ती सांगत होती, "काचेत ठेवणार म्हणतेय ती. चार लोक बघणार. तसला तीन रंगांचा ठेवायचा होय गं? म्हणतील, आईला एवढंसुद्धा दिसत नव्हतं." मी तोंड उघडले. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "त्या बक्षिसाच्या दिवशी मी मागच्या दाराशी उभी होते. अर्ध्यावरच निघून आले. तिथून दिसली मला बाही. तेव्हापासून करीन करीन म्हणत राहूनच गेलं बघ." तिथून तिला आणखी काय दिसले, काय ऐकू आले, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. लडी वाळल्यावर तिने मला हाक मारली, "ये, हात धर." लहानपणी धरायचे तसे मी दोन्ही हात पुढे केले. तिने लड त्यांच्यावर चढवली आणि गुंडा करू लागली. माझा स्वेटर माझ्याच हातांवरून फिरत फिरत निघून गेला, आणि मी त्याला वाट करून द्यायला हात डावीउजवीकडे झुकवत राहिले.

उसवलेली लोकर मशीनला सोसत नाही, म्हणून ती सुयांवर विणते आहे. पाठ आणि पोट झाले, उजवी बाही झाली. डावी कोपरापर्यंत आली आहे. तिथे पोचल्यावर ती क्षणभर सुया थांबवते, लोकर उजेडात धरून पाहते आणि मग पुढे जाते. माप मात्र तेच, सातवीतले. काल तिने तो माझ्या खांद्याला लावून पाहिला आणि खुदकन हसली, "आता कुणाला व्हायचा गं हा!" इतकी आनंदात मी तिला फार दिवसांत पाहिलेली नाही. इस्त्रीवाल्या काकांना सांगून झाले आहे, वाफेची इस्त्री त्यांनी स्वतः करायचे कबूल केले आहे, आणि समारंभाला तेही येणार आहेत. छपरांचा विषय निघणार नाही याची काळजी मी घेईन.

तर उत्तर असे: स्वेटर येईल. आई तो मांडीवर घेऊन येईल, इतर सामानात ठेवू देणार नाही. तुला हवा होता तो आता जगात नाही आणि जो येईल त्यात पाहण्यासारखे काहीही नाही. शाळेत शंभर मुलींच्या अंगावर असतो तसा साधा, एकरंगी, निर्दोष हिरवा स्वेटर. तुझा चेहरा दारातच पडेल, म्हणून हे पत्र आधी पाठवते आहे. काय पडायचा तो घरी पडू दे. त्या दिवशी तो तू आईच्या हातून घेशील, काचेच्या पेटीत ठेवशील आणि पाटी काढणार नाहीस. लोक विचारतील की ती प्रसिद्ध बाही कुठे आहे, दुसरा हिरवा कुठे आहे. मी शेजारी उभी असेन, पण मला चारचौघांत एक वाक्य धड जुळवता येत नाही. तुला येते. नसलेली छपरे तू लोकांना दाखवलीस, गंजात सौंदर्य दाखवलेस, लोकरीला बोलायला लावलेस. त्या सगळ्या बडबडीचा मला आजवर मनापासून तिटकारा आला. त्या दिवशी मात्र, आई खुर्चीवर बसून ऐकत असताना, तुला एकही शब्द कमी पडता कामा नये.

तुझीच, शेजारची,
वाळवी