भोंगऱ्याच्या बाजारातला गुलाल

प्रिय रुपली,

आईकडून कळलं, रोहिदासच्या घरच्यांनी तो व्हिडिओ पाहून तुझी सोयरीक थांबवली आणि रविवारी पंच बसणार आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. इथे जळगावच्या होस्टेलवर भरलेलं ताट तसंच बाजूला सारतो. दोष खिचडीचा नाही. स्वतःचीच किळस आल्यावर अन्न कसं गोड लागणार?

पहिल्या वर्षी खोलीतली पोरं विचारायची, तुम्ही पावरा लोक झाडावर राहता का, उंदीर खाता का. आधी राग यायचा. मग लक्षात आलं, काहीतरी चमत्कारिक सांगितलं की हीच पोरं जवळ बसवतात, चहा पाजतात. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! एकदा सांगून टाकलं, की भोंगऱ्यात पोराने आवडलेल्या पोरीच्या गालाला गुलाल लावायचा. ती गप्प राहिली की लग्न ठरलं. माझ्याच खोलीतला भडगावचा जगदीश डोळे मोठे करून म्हणाला, हाई बठ्ठं खरं शे का रे? मी मान डोलावली. त्या दिवशी मी शेण खाल्लं, आणि ते मला गोड लागलं.

भोंगऱ्या म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. होळीआधीचा बाजार. आई डाळ्या, गूळ, साखरेचे हार घेते, ढोल वाजतात, लांबच्या आत्या भेटतात. पण एवढंच सांगितलं असतं तर मला चहा कोणी पाजला असता?

यंदा जगदीश म्हणाला, चल, दाखव. मी मोठ्या ऐटीत त्याला घरी आणलं. आईने भाकरी वाढली. तिची पाठ वळताच त्याने पाण्याचा तांब्या हुंगून नाक मुरडलं, आणि मी, तिचा लेक, दात काढून हसलो. बाजारात तू बांगड्या बघत होतीस. त्याने मागून येऊन तुझे दोन्ही गाल माखले. तू हात झटकलास, ओढणीने तोंड खरडून पुसलंस. ते कोणी बघत नाही. व्हिडिओवर लिहिलंय ना, 'गुलाल लागला, पोरगी पटली'! इथली पोरं तो व्हिडिओ बघून माझी पाठ थोपटतात. त्या हातांची घाण वाटते. पण जगदीशला तरी किती शिव्या घालू? मी शिकवलं तेच त्याने केलं.

गावाला वाटतं, तो तुझ्यासाठीच घरी आला होता. पंच विचारतील, व्हिडिओ कोणी काढला. त्यात शेवटी फोन धरणारा खिदळतो, ते हसू माझं आहे. आईला ओळखू आलं नाही. व्हिडिओ पसरल्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर मी उगाच हसलो, तू तिथेच फोन ठेवलास, तेव्हाच मला कळलं की तुला ओळखू आलंय. तरी घरात तू अवाक्षर काढलं नाहीस. भावाची अब्रू झाकायला स्वतःची सोयरीक मोडू देतेस? नको गं. रविवारी मी येतोय. पण माझ्या जिभेचा मला भरवसा नाही, चार माणसांत ती पुन्हा काहीतरी गोड रचेल. म्हणून पत्र आधी धाडतोय. अभिमन आबा पंचांत बसले की उभी राहा आणि हे पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. मी समोर बसलेला असेन.

तुझाच भाऊ,
दिवल्या