कडेपठारावरची हाक

बारामती,
१७ मे १९५९

प्रिय रतन,

तुझं कार्ड परवा पोचलं. ट्रेनिंग कॉलेजच्या अर्जावर मोहनरावकाकांनी सही करायला नकार दिला, एवढं एका ओळीत लिहून खाली तू मला उन्हात फिरू नकोस म्हणून बजावलंस. काकांचं कारण तू लिहिलं नाहीस. ते मला इंदापूरहून आलेल्या कुशाबाईंकडून कळलं. काका ओसरीवर चारचौघांत म्हणाले म्हणे, "आईच्या हाताला हिसडा देऊन पडलेली पोरगी ही. पुण्यात हिचा हात कोन धरनार?" या वाक्याबद्दल मला लिहायचं आहे. पण सरळ तिथे जाण्याचा धीर होत नाही, म्हणून थोडं मागून येते.

तू तीन वर्षांची असताना तापात तुझा डावा पाय लुळा पडला. तेव्हा तुझ्या बाबांनी नवस बोलला होता, पोर जगली तर तिला पायी कडेपठारावर खंडोबाला घेऊन जाईन. वर्षभरात ते विषमज्वराने गेले आणि नवस राहून गेला. पुढे घरात विहिरीचं पाणी आटलं तरी आजी त्या नवसावर बोट ठेवायच्या. माझा नवसावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण बी. ए. झालेली मी घरात कुणालाच 'नाही' म्हणत नसे. कुणी काही म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं, "चालेल." बारामतीच्या शाळेत नोकरी धरली तीही दिरांना विचारून, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत चार महिने घालवून.

तू आठ वर्षांची झालीस तेव्हा एकदाचं हे मिटवावं म्हणून मोरगावावरून जाणाऱ्या एसटीने आपण जेजुरीला गेलो. मी तुला धोतराच्या झोळीत पाठीशी बांधलं आणि चढायला लागले. तुला आठवतं का, एक म्हातारा ओरडला होता, "बाई, डोली करा की! पैसं कुनासाठी राखून ठिवताय?" तू माझ्या खांद्यावरून मान काढून म्हणालीस, "आमची डोली बी. ए. पास आहे!" तो खाली बसून हसला. निम्म्या वाटेवर माझे पाय थरथरत होते. मी खरोखर परत फिरणार होते. मग ठरवलं, पुढची एकच पायरी. अशा एकेक पायरीने वर पोचलो. खाली जेजुरीचा गड मुठीएवढा दिसत होता. मला देव आठवला नाही. एवढंच वाटलं की हे माझ्या पायांनी झालं, कुणाला न विचारता.

त्याच आठवड्यात इंदापूरच्या घरी काका म्हणाले, "वैनी, पोर हितंच राहू द्या. बाईमाणसाला एकटीला झेपायचं न्हाय." मी "नाही" म्हटलं. मलाच तो आवाज ओळखू आला नाही. आजी मात्र आतून म्हणाल्या, "पाठीवरनं नेली, त्यो नवस फिटला न्हाय. पायी बोलला हुता त्यो." मी हसले. पण ते वाक्य माझ्यात कुसळासारखं राहिलं.

पुढची चार वर्षं तू पाहिलीसच. सुट्टी लागली की मी तुला ठमाबाईंकडे सोपवून निघायची. पुरंदर, राजगड, तोरणा. घरमालकीण असूनही ठमाबाईंनी तुला पोटच्या लेकीसारखं सांभाळलं, पण बोलायचं सोडलं नाही. माझे कॅनव्हासचे बूट दारात दिसले की, "मास्तरीनबाई, डोंगरावर काय पुरून ठिवलंय? रांडाव बाईनं बूट घालून हिंडायचं, आन् लंगडं लेकरू आमच्या पदरात!" शाळेतही कुजबुज झाली. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, बरोबर कोण असतं? मी म्हटलं, राजगडाच्या पायथ्याचा गेणबा, वय वर्षं सत्तर. ते ओशाळले. हाच गेणबा मला एकदा म्हणाला होता, "बाई, तुमी पाय बगून टाकता. लोकं मानसं बगून टाकत्यात, म्हनून पडत्यात." त्याचं बोलणं मी डायरीत उतरवून ठेवलं होतं. किती फुशारले होते मी!

मग डिसेंबर चौपन्न. तू बारा वर्षांची. तुला कडेपठारावर पायी न्यायचं मी ठरवलं. तू विचारलंस, "तुझा तर विश्वास नाही ना?" मी म्हणाले, तुला उमेद यावी म्हणून. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे आजींना गप्प करायचं होतं. ज्या नवसाला मी हसत होते, तोच मी तुझ्या अधू पायाने फेडायला निघाले होते. काठी टेकत तू आपट्याच्या झाडापर्यंत आलीस आणि बसलीस. तुझे ओठ पांढरे पडले होते. मी म्हणाले, तू इथेच थांब, मी वर जाऊन भंडार घेऊन लगेच येते. अर्ध्या तासात येते म्हणाले होते. आले दोन तासांनी. तोवर तू माझ्यामागे यायला निघाली होतीस, आणि तुझा चांगला पाय गुडघ्यात मोडला होता.

दवाखान्यात काकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हात सुटला." माझ्या तोंडून खरं निघालं नाही. आणि तू, वेदनेने डोळे मिटलेले असताना, म्हणालीस, "आईनं धरलं होतं, काका. मीच हिसडा दिला." कुणी शिकवलं होतं तुला ते? मी मान खाली घातली आणि ते तसंच राहू दिलं. महिन्याभराने काकांनी कागद पुढे केला, पालक म्हणून त्यांचं नाव. मी "चालेल" म्हटलं आणि सही केली. चार वर्षांत डोंगरावर मिळवलेलं सगळं त्या एका शब्दात गेलं. तू इंदापूरला गेलीस, काठीच्या जागी कुबड्या आल्या, आणि हट्टी, हिसडा देणारी पोर हे नाव तुला चिकटलं. बूट मी माळ्यावर टाकले. त्या दिवशीचं डायरीचं पान कोरं आहे. मी रोज लिहिणारी बाई, माझ्या सगळ्या वह्यांत तेवढं एकच पान कोरं.

उशीर का झाला, हे तू मला कधी विचारलं नाहीस. मीच सांगत आले, वाट चुकले, वारा फार होता, तुझ्या हाका ऐकू आल्या नाहीत. इतकी वर्षं सांगून ते मलाही खरं वाटू लागलं होतं.

तुझं कार्ड आल्यावर काल मी बूट खाली काढले आणि साडेचार वर्षांनी कडेपठारावर गेले. आपट्यापाशी सारजा नावाची बाई भंडार-खोबरं विकत बसली होती. तिला म्हटलं, मी वर गेले की तू इथून हाक मार. ती म्हणाली, "काय म्हनून मारू?" मी म्हटलं, आई म्हण. ती पदर तोंडाला लावून हसली. "अवो, मी तुमच्यापरीस थोरली हाय की! बरं, जा. मारते." मी वर गेले, देवळामागच्या त्याच कातळावर बसले. वाराही त्या दिवसासारखाच होता. आणि हाक आली. स्पष्ट, शेजारच्या खोलीतून यावी तशी.

म्हणून हे पत्र, रतन. त्या दिवशी मला तुझी हाक ऐकू आली होती. मी वाट चुकले नव्हते. त्या कातळावर बसून तुझ्या वाटणीची भाकरीसुद्धा मी खाल्ली होती, कारण तिथे माझ्याकडून कुणाला काही नको होतं आणि ते सुटू नये असं वाटत होतं. पहिल्या हाकेला मी उठले नाही. दुसऱ्या हाकेला म्हटलं, थोडा वेळ. तिसरी हाक वेगळी होती, तिला उठले. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी इंदापूरला येते आहे. काकांसमोर, ओसरीवर, ज्यांनी ते वाक्य ऐकलं त्या सगळ्यांसमोर हे सांगेन आणि तुझ्या अर्जावर आई म्हणून सही करीन. ते मला कदाचित पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. पण त्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं. मी दाराशी येऊन हाक मारीन. तू लगेच ओ द्यावीस असं मुळीच नाही.

तुझीच,
आई