जावई फेकण्याच्या अयोग्यतेविषयी

युनोसावा, एचिगो
२० डिसेंबर

चि. फुमिनो हीस,
खालच्या खिडक्या बर्फाखाली गेलेल्या घरातून कोरडे आशीर्वाद.

प्रस्तुत पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे, की येत्या १५ जानेवारीस तुझ्या नवऱ्याला देवळाच्या टेकडीवरून बर्फात फेकणे अयोग्य आहे. या आशयाचे निवेदन मी गावाच्या तरुण मंडळालाही दिले. ते अद्याप कोणी वाचलेले नाही, कारण मंडळात चष्म्याशिवाय वाचू शकेल असा तरुण नाही, आणि फेकण्याच्या तालमीत हरवतील म्हणून सगळ्यांचे चष्मे सध्या घरी ठेवलेले असतात.

मुद्दा पहिला. या रीतीचे मूळ जळफळाटात आहे. परगावचा मुलगा गावची मुलगी घेऊन जाई आणि गावची पोरे जळत. तो जळफळाट एकदाच बाहेर पडावा म्हणून चौघांनी नव्या जावयाला उचलून उतारावर भिरकावायचे, खाली नवरीने त्याच्या अंगावरचा बर्फ झटकायचा, मग सर्वांनी एकत्र बसून प्यायचे. म्हणजे फेकण्याचा अधिकार जळणाऱ्याचा. आता तुझ्यावरून जळेल असा एकही माणूस या गावात उरलेला नाही. मंडळातला सर्वांत लहान तरुण अठ्ठावन्न वर्षांचा आहे. अध्यक्ष मासाकिची सत्तरी ओलांडून गेला, आणि त्याने तुला लहानपणी खांद्यावर बसवून घसरगुंडीवर नेलेले आहे. जळणारा नाही, सबब फेकणारा नाही.

मुद्दा दुसरा. गेल्या रविवारी तांदळाच्या पोत्यावर तालीम झाली. पोते उडाले, परंतु मागच्या बाजूस, देवळाच्या पायरीवर, आणि पाठोपाठ मासाकिचीही. उठल्यावर त्याने मत दिले, की पोत्याने साथ दिली नाही, माणूस देईल.

गेली काही वर्षे गावात लग्नच झाले नाही, म्हणून पर्यटन कचेरीने टाय बांधलेला पेंढ्याचा पुतळा फेकला आणि कॅमेऱ्यांसमोर त्याचे अभिनंदन केले. पुतळा अविवाहित असल्याचे मी लेखी निदर्शनास आणून दिले होते. यंदा खरा जावई मिळणार म्हणून त्यांनी ‘हिवाळी आनंदोत्सव’ असे फलक लावले आहेत.

तुला ठाऊक आहेच, की फेकण्याआधी वधूपित्याने देवळात ‘हा आमचा जावई’ असे म्हणावे लागते. मी म्हणणार नाही. तुझी आई म्हणते, की लग्नाला गेला नाहीत, आता फेकायलाही तयार नाही, मग जावई काय लोणच्याला ठेवणार आहात का? हा युक्तिवाद नव्हे, म्हणून उत्तर दिले नाही.

लोभ आहे. तो कितपत वाढवावा, हे तुझे उत्तर पाहून ठरवीन.

तुझा पिता,
कातागिरी त्सुनेमित्सु


नाहा, ओकिनावा
२८ डिसेंबर

ती. बाबांस,
फुमिनोचा सा. न. वि. वि. हे पत्र मी खिडकी सताड उघडी टाकून लिहिते आहे. जळायचं असेल तर यावर जळा.

तुमचं पत्र मोरिओला वाचून दाखवलं. तो म्हणाला, की बाबांना माझी किती काळजी! मी त्याला काही सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगते. चाळीस वर्षं न्यायाधीश होतात. समोरच्या वकिलाने मूळ मुद्दा अंथरुणाखाली लपवला की तुम्ही त्याला किती झापत होता, ते घरी येऊन आम्हाला ऐकवायचात. ‘हा आमचा जावई’ असं तुम्ही म्हटलं नाहीत, तर मोरिओचं नुसतं फेकणं टळणार नाही; सगळ्या गावादेखत तो जावईच नाही असं ठरेल. सिद्ध करायचंय ते हे. मग पहिल्या ओळीत सरळ लिहायचं होतं.

ऑक्टोबरात लग्नाला आला नाहीत. कारण कळवलंत, की बर्फ पडण्याआधी छपराला टेकू द्यायचे आहेत. आई एकटी आली. इथल्या सगळ्या मावश्या-आत्यांनी तिला विचारलं, की व्याही आजारी आहेत का? आई म्हणाली, हो, जन्मापासून, पण प्रकृती ठणठणीत आहे.

मोरिओने अजून बर्फ पाहिलेला नाही. रोज संध्याकाळी तो समुद्रावर जाऊन वाळूत उताणा पडण्याचा सराव करतो. सासूबाई शेजारी उभ्या राहून ओरडतात, की अरे डोकं सांभाळ, हनुवटी आत घे! येणारेजाणारे थांबून विचारतात काय चाललंय, तर त्या ऐटीत सांगतात, की सुनेच्या माहेरी आमच्या मोरिओला टेकडीवरून फेकणार आहेत. तुमचं घराणं फार मोठं असणार, अशी त्यांची समजूत झाली आहे. मी ती मोडलेली नाही.

राग एकदाच निघावा आणि मग माणसं एकत्र प्यायला बसावीत, म्हणून ही रीत आहे, असं तुम्हीच लिहिलंत. तुम्हाला मात्र तो हप्त्याहप्त्याने काढायचा आहे. बाबा, आम्ही १४ तारखेला येतोय. देवळात तुम्ही गप्प राहिलात, तर दुपारच्या गाडीने परत निघू, आणि त्यानंतर युनोसावाला मी माहेर म्हणणार नाही. आईला भेटायला तिलाच इथे बोलावीन.

लोभाचं तुम्ही ठरवणार आहात, तेव्हा मी मागत नाही.

तुमची,
फुमिनो

ता. क. खालच्या ओळी मोरिओच्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत असं त्याला वाटतं.

मान्यवरांस नमस्कार. तीर्थरूप लिहायचा हक्क अजून मिळालेला नाही. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, मला वाद घालता येत नाही. दोनच शंका आहेत. बर्फात पडल्यावर बूट पायातून निघून जातात का? आणि माझं वजन एक्याऐंशी किलो आहे, ते आपल्या तरुण मंडळाला चालेल का? मंडळींची वयं ऐकून थोडं उतरवायचा प्रयत्न करतोय, पण आई रोज डुकराचं मटण रांधते. — नाकांदाकारी मोरिओ


युनोसावा
१७ जानेवारी

चि. फुमिनो व चि. मोरिओ यांस,
अंग दुखत असल्यामुळे बसूनच आशीर्वाद.

मोरिओ, काल स्टेशनवर तू मासाकिचीला विचारलेस, की माझा डावा पाय इतका घट्ट कोणी धरला होता? त्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि गाडी सुटली. तू आकाशाकडे तोंड करून होतास, फुमिनो खाली उभी होती, आणि मंडळाच्या कोणाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यामुळे टेकडीवर काय घडले, याचा विश्वसनीय साक्षीदार मी एकटाच उरतो.

देवळात मी एक लेखी निवेदन खिशात घेऊन उभा होतो. मासाकिचीने रीतीप्रमाणे विचारले, की हा कोणाचा जावई? मी घसा साफ केला. त्या अवकाशात मंडळाने साकेचा शेवटचा पेला संपवला आणि उत्तराची वाट न पाहता तुला उचलले. उजवा पाय, दोन्ही खांदे वर गेले. डाव्या पायाशी असलेल्या जिम्पाचीची कंबर तेवढ्यात धरली, तो तसाच वाकलेला राहिला, आणि तू पायरीच्या दिशेने कलंडू लागलास. मासाकिची माझ्यावर ओरडला, की अहो जज्जसाहेब, बघत काय राहिलात, धरा पाय, तुमचा जावई आहे ना!

मी म्हणालो, आहे, पण...

‘पण’नंतरचे कोणी ऐकले नाही. खाली जमलेल्या गर्दीने जल्लोष केला. माझा हेतू केवळ अपघात टाळण्याचा होता, म्हणून मी पाय धरला. एक, दोन, तीन झाले. तिसऱ्या झोक्याला वास्तविक पाय सोडून देणे पुरेसे होते. मी ढकलला. किती जोराने, ते सांगता येत नाही. एवढेच दिसले, की तू पुतळ्यासाठी आखलेली रेघ ओलांडून, छायाचित्रकारांच्या पलीकडे, डोक्यापर्यंत बर्फात गेलास. मंडळाने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी नियमभंग केला. तुझ्या सासूने खालून हाक मारली, की अहो, त्याला ओकिनावाला परत पोचवताय का?

बूट निघून जातात, हे तुला आता कळलेच आहे. एक शेकोटीजवळ सापडला, दुसरा वसंतात बर्फ वितळल्यावर पाठवीन. त्यानंतर एका बुटावर टेकडी चढून तू आपण होऊन पुन्हापुन्हा उडी मारलीस, आणि पर्यटकांनी आम्हालाही फेका म्हणून रांग लावली, याला परंपरेत कोणताही आधार नाही, हे नमूद करतो. मंडळाने त्यांना घसरगाडी देऊन वाटेला लावले.

रात्री जेवताना माझी भूक वाढल्याचे तुझ्या सासूने सर्वांना सांगितले. तिने कारणही सांगितले. ते मी येथे लिहीत नाही.

पुढच्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढायला एक्याऐंशी किलोचा माणूस उपयोगी पडेल, तेव्हा वजन उतरवू नये. तुझ्या आईस माझा नमस्कार सांग, आणि आमचे घराणे मोठे नाही, हेही कळव. अगर राहू दे.

लोभ होताच, त्याची वाच्यता झाली नव्हती, एवढेच.

चूक कबूल: २० डिसेंबरच्या पत्रातील पहिल्या मुद्द्यात मी म्हटले होते, की फुमिनोवरून जळेल असा एकही माणूस या गावात उरलेला नाही. मोजताना मी फक्त तरुण मंडळ मोजले होते.

(सही) कातागिरी त्सुनेमित्सु