हिरवी वायर

ता. १४, मंगळवार
सकाळी

तीर्थस्वरूप दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला घेतलं होतं, पण ते जरा राहू दे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी 'हो दादा, हो दादा' करतो, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. आज मला मध्ये कोणी बोलायला नको.

काम बरं चाललंय. एका शाळेच्या दोन मजल्यांचं वायरिंग मिळालंय. काल एका बाईंकडे गीझर बसवला. टेस्टर तीनदा लावून पाहिला, चौथ्यांदा लावायला गेलो तर त्या म्हणाल्या, "नवीनच शिकताय का हो?" सव्वीस वर्षं झाली, म्हटलं. त्यांना काही पटलं नाही. पटणार तरी कसं, त्यानंतर पाचव्यांदाही लावला मी.

तू तुझ्या लेकीला लिहिलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं. बारीक व्हायचं खूळ सोड, पोटात काही नसताना गायला उभी राहिलीस तर भोवळ येणारच, काकाकडे शिकायला ठेवलंय ते उपाशी राहायला नाही, वगैरे. चांगलं झापलंयस. पण दादा, ती जेवते. स्वतःचं जेवते आणि वर माझ्या ताटातलंही उचलते. त्या रविवारी निघायच्या आधी चार अंडी आणि अर्धा पाव खाल्ला होता तिने, मी समोर होतो. भोवळ नव्हती ती.

आमचा बँड तुला माहीत आहे, पण तू कधी ऐकायला आला नाहीस म्हणून सांगतो. दर रविवारी दुपारी चार ते सात, क्लबाच्या मागच्या हॉलमध्ये. मी बेस गिटारवर, ड्रमवर बेकरीवाला, आणि गेले तीन महिने गाणारी आणि गिटार वाजवणारी आपला भोंगा. (ते नाव तूच ठेवलंस, पाळण्यात रडायची तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आता तोच आवाज ऐकायला लोक तिकीट काढून येतात.) आम्ही दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवतो. लोकांना हुबेहूब हवं असतं. मूळ गायक जिथे श्वास घेतो तिथेच घ्यायचा, तो जशी मान मागे टाकतो तशीच टाकायची. पोरगी ते असं करते की मॅनेजरसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहतो.

मागच्या मागच्या रविवारी, दुसऱ्याच गाण्याला, ती माइकजवळ गेली. ओठ माइकला लागले आणि मान मागे गेली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बेकरीवाल्याला वाटलं पोरगी रंगात आली, त्याने दणादण वाजवायला सुरुवात केली. मी बाजूला होतो, मला तिची बोटं दिसली. तारांवर आवळली होती. सुटत नव्हती दादा. अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता आणि काय चाललंय ते फक्त मला कळलं होतं.

मी बेस टाकला आणि भिंतीवरचा मेन स्विच पाडला. पडदे ओढलेले, मिट्ट काळोख. ती पडल्याचा आवाज आला. कोणीतरी ओरडलं, "फ्यूज गेला!" मी म्हणालो, "हो, फ्यूज गेला."

डॉक्टरांकडे ती म्हणाली, डोक्यात काहीतरी वाजल्यासारखं झालं आणि मग जमिनीवरच होते. अशक्तपणा असेल म्हणून त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. मी शेजारी उभा होतो. गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. तुलाही फोनवर भोवळच सांगितली.

आता लिहितो. तिच्या अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, प्लगमधली अर्थिंगची हिरवी वायर मी कापली होती.

तिच्या पहिल्याच कार्यक्रमाला स्पीकरमधून घूंऽ घूंऽ यायला लागलं. मॅनेजर म्हणाला, "हे बंद होत नसेल तर राहू द्या, मी रेकॉर्ड लावतो." पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. खरा उपाय मला ठाऊक होता, सगळ्या वस्तू एकाच बोर्डावर घ्यायच्या. पण लांब वायर घरी राहिलेली आणि हातात दहा मिनिटं. पक्कड काढली, हिरवी वायर कापली, आवाज बंद. सगळे म्हणाले, वा काका! एका दिवसापुरतं म्हणून केलं आणि तीन महिने तसंच ठेवलं. दर रविवारी वाटायचं, पुढच्या खेपेला जोडू. त्या दिवशी जुन्या अँपच्या आतलं इन्सुलेशन गेलं. करंट पत्र्यावर आला, पत्र्यावरून तारांवर. त्याला जमिनीत जायची वाट मी ठेवली नव्हती. तो तिच्यातून, माइकवाटे गेला.

आपल्याला वायरिंग शिकवताना अण्णा काय म्हणायचे? फेज चुकली तर फ्यूज जातो, अर्थिंग चुकलं तर माणूस जातो. आपल्या दोघांत ते घडाघडा म्हणून दाखवणारा मीच होतो.

आठ दिवस गप्प होतो. तिच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या, ती म्हणायची, पडले तेव्हा मुरगळली असतील. काल गीझरवरून आलो आणि तिला सगळं सांगितलं. तसाच तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, यावेळी खरं सांगितलं. त्यांनी मला जे सुनावलं ते सुनावलं. हृदयाचा आलेख काढला, तो चांगला आहे. वहिनीला आधी हे सांग. बोटं हळूहळू सुधारतील म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय.

जिना उतरताना पोरगी म्हणाली, "काका, बाबांना नका सांगू. मला गाऊ देणार नाहीत. भोवळच राहू द्या. जेवत नाही म्हणून ओरडले तर ओरडले."

माझं पाप ती स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती. आणि दादा, लाज वाटते लिहायला, मला बरं वाटलं. घरापर्यंत खरंच बरं वाटत होतं. मग तिने चहाचा कप उचलला आणि तो हातातून सुटला. तिने माझ्याकडे बघून पटकन हसून घेतलं. ते हसणं मला सहन झालं नाही.

मला भीती वाटते. तू पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणशील याची वाटते. पण त्याहून जास्त माझ्या हातांची वाटते. येत्या रविवारी तिला गायचंय. अँप नवा आणलाय, सगळं एका बोर्डावर घेतलंय, मीटर ठीक दाखवतोय. पण बघणारा मीच आहे ना. ज्याने कापली तोच म्हणतोय की आता सगळं बरोबर आहे. त्यावर मी तिला माइकपुढे कसा उभा करू?

तिचं गाणं बंद करू नकोस. बंदी घालायची तर माझ्यावर घाल, मी बेस खाली ठेवतो. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. रविवारी तीनला ये, तुझा मीटर घेऊन ये. प्लग सगळे उघडे ठेवतो, स्क्रू तुझ्या हाताने आवळ. मी क्लबाच्या मागच्या दारात उभा असेन. मारायचं असेल तर तिथेच मार, पण मग आत जा आणि अर्थिंग बघ. तू हो म्हणेपर्यंत मेन चालू होणार नाही.

म्हणू देशील तर,
तुझा धाकटा भाऊ